शेवट नसलेली बाजू

बाबांनी ऑर्गनचं झाकण उघडलं की ताई स्वयंपाकघरात कपाळाला हात लावायची. "झालं सुरू," असं पुटपुटत ती सूपखालचा गॅस बंद करून टाकायची. सूप गरम ठेवून काही फायदा नाही, हे बाबांना सांभाळायच्या नोकरीला लागल्यापासून तिच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं.

वाजवणं वाईट होतं असं कुणी म्हणणार नाही. सुरांचं एक छोटंसं वळण होतं ते. डावा हात खाली संथ चालायचा, उजवा वरून उतरत यायचा, आणि दोघं भेटणार असं वाटेपर्यंत उजवा पुन्हा वर निघून जायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता काहीतरी होणार. होत काहीच नव्हतं. तेच वळण, पुन्हा तेच वळण. न्याहारीनंतर बसले की ऊन खिडकीतून भिंतीवर आणि भिंतीवरून जमिनीवर यायचं, तरी बाबांचं आपलं चालूच. बोटांचे सांधे सुजले होते. गोळ्या वाटीत तशाच पडून राहायच्या. हाक ऐकू जात नव्हती असंही नाही. हाक मारली की ते मान वळवून अतिशय सभ्यपणे म्हणायचे, "हो हो, एवढं संपवतो आणि आलोच." आणि ते काही संपायचं नाही.

बाबांची लेक दुकान बंद करून रोज संध्याकाळी यायची. तिचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांना खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचं, "हे बरं दिसतं, की हे?" या एका प्रश्नावर तिचा संसार चालला होता. बाबा तिला 'चष्मेवाल्या बाई' म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं होतं. मग सवय झाली. कधीतरी ते काळजीने विचारायचे, "तुम्ही रोज येता, चष्मेवाल्या बाई. तुमच्या घरी कुणी वाट बघत नाही का?"

"बघतात की," ती म्हणायची. "तेवढं संपवा म्हणजे मी जाते."

"हो हो, एवढं संपवतो."

एकदा वैतागून तिने ऑर्गनची वायर भिंतीतून उपटली. आवाज बंद झाला. बोटं मात्र थांबली नाहीत. मुक्या पट्ट्यांवर ती तशीच फिरत राहिली, खाली संथ, वरून उतरत, पुन्हा वर. खोलीत नुसती पट्ट्यांची खटखट. तिने घाईघाईने वायर परत जोडली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. "हे असं चाललं तर हृदय साथ देणार नाही," ते म्हणाले. "खाणं नाही, झोप नाही. वाद्य नसेल अशा ठिकाणी त्यांना ठेवा." टेकडीमागच्या सांभाळघरात एक खाट रिकामी झाली होती. स्वच्छ जागा, मोठ्या खिडक्या, माणसं प्रेमळ. वाद्य मात्र एकही नाही. सोमवारी सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. ज्या माणसाने जन्मभर दुसरं काही केलं नाही, त्याला वाद्यापासून तोडायचं, की वाद्यासमोर मरू द्यायचं? हे बरं, की हे? लेकीला दोन्ही काचांतून धूरच दिसत होता.

त्या शनिवारी ताई भांडी पुसता पुसता म्हणाली, "मला तर हे आता झोपेतपण ऐकू येतं. पण कुठलं आहे हो हे गाणं? याला काही शेवट असेलच ना?"

लेक दारात थबकली. गाणं कुठलं, ते तिला चांगलं माहीत होतं. लहानपणी भिंतीपलीकडून तिने ते ऐकलं होतं. शेवट मात्र, नवल म्हणजे, तिलाही आठवेना.

बाबांच्या बँडचं नाव होतं 'सातवा मजला'. सराव ज्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत चालायचा, तिला मजले सहाच होते. त्यावरून एकंदर मंडळींची कल्पना यावी. चौघं वाजवणारे होते. बाबा ऑर्गनवर, आणि तंद्री लागायची म्हणून त्यांना सगळे ढग्या म्हणायचे. पाचवी आई. तिच्यासमोर बटणांचं आणि सरकपट्ट्यांचं टेबल असायचं, आणि चौघांचा आवाज किती, कुठे, केव्हा, हे ती ठरवायची. रॉक म्हणावं तर त्यावर नाचता येत नव्हतं. शास्त्रीय म्हणावं तर ड्रम कान फोडायचे. गाण्यात शब्द यायला लागेपर्यंत हातातला चहा थंड व्हायचा, आणि शब्द आल्यावरही ते समुद्राखाली झोपलेल्या शहराबद्दल वगैरे असायचे. पण त्या काळी असल्या वेडाला माणसं मिळायची. बँडचे पाच स्टुडिओ अल्बम निघाले आणि दोन कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेले. त्या दोन्हींची नावं 'टाळ्यांसह' आणि 'पुन्हा टाळ्यांसह'.

लेकीला या सगळ्याचं लहानपणापासून वावडं होतं. आईबाबा बँड घेऊन गावोगाव फिरायचे आणि ती मावशीकडे. पाचही अल्बमच्या पाठीवर बारीक अक्षरांत आभार होते, आणि शेवटची ओळ दर वेळी तीच: 'चिमणीची माफी मागून.' चिमणी म्हणजे ती. माफी छापून मागता येते, हे तिला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता दुकानात स्वतःची लेक गृहपाठ करत बसायची तेव्हाही पटत नव्हतं. आई गेल्यावर तिने रेकॉर्ड्सना हात लावला नव्हता. घरातून नेल्या त्या दोनच वस्तू, आईची शाल आणि दुकानात कामाला येईल असा एक टेबलावरचा दिवा.

रविवारी तिने सातही रेकॉर्ड्स आपल्या घरी नेल्या, नवऱ्याला आणि मुलीला फिरायला पाठवलं आणि जमिनीवर आडवी झाली.

पहिल्या अल्बममध्ये सगळे धावत होते. चौघांनाही आपल्याला काय काय येतं ते एकाच गाण्यात दाखवायचं होतं. दुसरा 'उलटं घड्याळ'. त्यात ते जरा दमले होते आणि म्हणून बरे वाटले. तिसऱ्यात, 'मीठ आणि चंद्र'मध्ये, बासरी आली. ती कोण वाजवतंय ते कुठेच लिहिलं नव्हतं, पण अधेमधे घेतलेला श्वास आईचा होता. लेक ताडकन उठून बसली. मग पुन्हा आडवी झाली, डोळे मिटले. छत उंच गेल्यासारखं वाटत होतं. आवाज खोलीत पाण्यासारखा चढत होता आणि त्यात तिची खुर्ची, कपाट, मुलीचं दप्तर सगळं हलकं होऊन जागचं सुटलं होतं. हे वाजवणारी माणसं तेव्हा आजच्या तिच्यापेक्षा वयाने लहान होती, हे तिच्या ध्यानात आलं. आई आणि बाबा, दोघंही. त्यांच्यावर इतकी वर्षं रागावून बसलेली बाई त्यांच्यापेक्षा मोठी होती. तिला हसू आलं.

चौथा 'पलीकडचा काठ'. त्याची अख्खी दुसरी बाजू एकाच रचनेची. एक माणूस नदी ओलांडायला निघतो आणि पाणी रुंद होत जातं, एवढीच गोष्ट. सुरुवातीला ऑर्गन एकटाच, मग झांजा लांबून, मग बास पायाखाली जमीन यावी तसा. मधे वादळ. वादळानंतर सगळं निवत निवत आलं आणि लेकीच्या अंगावर काटा आला. तेच वळण. खाली संथ, वरून उतरत, भेटेपर्यंत पुन्हा वर. ती कान देऊन पुढच्या सुराची वाट पाहू लागली. पुढचा सूर आलाच नाही. ते वळण फिरत राहिलं आणि आवाज हळूहळू उतरत गेला, लहान झाला, दूर गेला, आणि शेवटी नुसती सुईची खरखर उरली. रचना संपली नव्हती. फक्त ऐकू येईनाशी झाली होती.

"अरे देवा," ती मोठ्याने म्हणाली. बाबा तिथेच अडकले होते. त्या फिरत्या वळणात, आणि त्यांचा आवाज उतरवायला कुणी नव्हतं.

तिने घाईने 'टाळ्यांसह' लावली. कार्यक्रमात तर कुणी असं विरून जाऊ शकत नाही. लोक समोर बसलेले असतात, कधीतरी थांबावंच लागतं. वादळ आलं, गेलं, वळण आलं, फिरलं, फिरलं, आणि टाळ्यांचा लोंढा सगळ्यावर चढला. खाली चौघं कसे थांबले, काही कळायला मार्ग नाही. 'पुन्हा टाळ्यांसह' मध्येही तेच. वळण, आणि टाळ्या. शेवट जणू मुद्दाम झाकून ठेवला होता.

तिने ड्रमरकाकांना फोन लावला. गिटारवाला परदेशी गेला तो गेलाच, बासवाला देवाघरी. मागे राहिले होते एकटे ड्रमरकाका. जन्मभर झांजांपाशी बसल्यामुळे त्यांना फोनवर अर्धंमुर्धंच ऐकू यायचं.

"काका, 'पलीकडचा काठ' कसा संपवायचात तुम्ही?"

"कोण संपवणार? तुझी आई संपवायची!"

"पण कशी?"

"म्हशी? कुठल्या म्हशी? अगं तू इकडेच ये कशी. माझ्याकडे मूळ टेप आहे."

काका आता गाडी शिकवायची शाळा चालवायचे. "आयुष्यभर लोकांना जोरात जायला लावलं, आता ब्रेक दाबायला शिकवतो," ही त्यांची नेहमीची कोटी. ती त्यांनी दार उघडता उघडताच करून घेतली. गाड्यांच्या शेडमध्ये मागच्या बाजूला, टायरांच्या आड, जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. त्यावर कापड घातलेलं होतं आणि कापडावर धूळ नव्हती. म्हणजे काका अधूनमधून ऐकत असणार.

"ही सगळी रचना आम्ही एका दमात वाजवली," स्पूल चढवत ते म्हणाले. "एकच खोली. काचेपलीकडे बसायची चैन आमच्या नशिबी नव्हती, तुझी आई तिथेच कोपऱ्यात टेबल घेऊन बसलेली. रेकॉर्डच्या एका बाजूवर मावेना, म्हणून मागाहून तिनेच शेवटी आवाज उतरवला. पण आम्ही वाजवतच होतो ना! ऐक."

चाकं फिरायला लागली. वादळ सरलं, वळण आलं. जिथे रेकॉर्डवर आवाज उतरायला लागतो तिथे इथे काहीच उतरलं नाही. लेक टेपरेकॉर्डरजवळ सरकली. रेकॉर्ड संपली त्याच्या पलीकडे ती आता चालली होती. बाबांचा उजवा हात वर गेला, खाली आला, आणि एका वेळी परत न जाता डाव्यापाशी थांबला. त्याच क्षणी कुठेतरी आवाज आला, टक. आणि चौघं एकदम गप्प.

शांतता. मग बाबांचा तरणा आवाज, धापा टाकणारा: "कसं झालं?"

आणि आई, जरा लांबून: "आता बरं झालं. चला, भूक लागलीय."

टेप सुटून फडफडायला लागली. काकांनी बटण दाबलं. लेकीचा उजवा अंगठा आपोआप हलला होता. तो आवाज तिच्या अंगठ्याच्या ओळखीचा होता. रोज सकाळी दुकान उघडलं की ती तोच आवाज करायची.

"काका, हे टक... हा माझ्या दुकानातला दिवा आहे."

"तुझ्या दुकानात?" काका बघतच राहिले. "तो दिवा तिथे काय करतोय?"

मग त्यांनी सांगितलं. वाकड्या मानेचा तो हिरवा पत्र्याचा दिवा आईच्या टेबलावर कायम असायचा, सरावाला, स्टुडिओत आणि कार्यक्रमातही. ढग्या एकदा तंद्रीत गेला की त्याला बोलून थांबवायची सोय नव्हती. हाक मारली तर "हो हो" म्हणायचा आणि वाजवत राहायचा. म्हणून आईने ही युक्ती काढली होती. पेटता दिवा म्हणजे मी ऐकते आहे, जा कुठे जायचं तिथे. विझला की घरी यायचं. मोठ्या सभागृहातसुद्धा अंधारात पार शेवटी तो एवढासा उजेड चौघांना दिसायचा, आणि तो मालवला की चौघंही एका क्षणात थांबायचे.

"लोकांना वाटायचं, जादू आहे," काका म्हणाले. "कार्यक्रम रेकॉर्ड करताना तिने मुद्दाम टाळ्या वर चढवल्या. म्हणाली, घरातलं घरात राहू दे."

लेकीला सगळं लख्ख दिसायला लागलं. आई म्हातारपणी बाबांसमोरच्या खुर्चीत वाचत बसायची, जेवायच्या वेळी हात लांबवून दिवा बंद करायची आणि म्हणायची, चला जेवायला. लेकीला वाटायचं, आई विजेच्या बाबतीत भलतीच काटकसरी. बाबांची स्मरणशक्ती तेव्हाच विरायला लागली होती, पण जेवायला ते वेळेवर उठत होते. आणि आई गेल्यावर ती स्वतः आली, बारीक स्क्रू दिसायला बरा म्हणून तो दिवा काखोटीला मारून घेऊन गेली. कुणी अडवलं नाही. बाबा तेव्हा दारात उभे राहून दिव्याकडे पाहत होते. शालीकडे नाही, दिव्याकडे. हे तिला आत्ता आठवलं.

"ये, सोडतो तुला," काका म्हणाले, आणि शिकाऊ पाटी लावलेली गाडी त्यांनी अशी काही हाणली की विद्यार्थ्यांनी पाहिली असती तर फी परत मागितली असती.

दुकानातून दिवा घेऊन ती बाबांच्या घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. बाबा वाजवत होते. ताई ताटली झाकून दारात बसली होती. "सकाळपासून फक्त अर्धी वाटी दूध," ती म्हणाली.

लेकीने आईची खुर्ची भिंतीपासून ओढून पूर्वी होती तिथे, ऑर्गनच्या समोर आणली. शेजारच्या तिपाईवर दिवा ठेवला. त्याच्या पत्र्यात चष्म्याचा एक स्क्रू अडकला होता, तो खाली पडून घरंगळत गेला. खुर्चीत बसून तिने बटण दाबलं. टक.

हिरव्या कडेचा उजेडाचा गोळा जमिनीवर पडला. बाबांनी मान वर केली. ते दिव्याकडे बघत राहिले, बोटं चालूच. मग त्यांचे खांदे, जे कित्येक महिने कानांपाशी चढून बसले होते, सावकाश खाली आले.

आणि वळण बदललं.

डावा हात पहिल्यांदाच दुसरीकडे वळला. उजवा त्याच्या मागे गेला. ते त्या वर्तुळातून बाहेर पडले आणि चालायला लागले. परत आणायला कुणीतरी बसलंय म्हटल्यावर त्यांना कुठेही जाता येत होतं. पाणी रुंद झालं. 'मीठ आणि चंद्र'मधली बासरीची ओळ मधेच वर आली आणि बुडाली. मग जे आलं ते सातांतल्या कुठल्याच रेकॉर्डवर नव्हतं. खिडकीबाहेरचा रस्ता, दिव्यांचे खांब, समोरच्या घराचा जिना, सगळं त्या सुरात सैल होऊन तरंगत होतं. लहानपणी आपल्या पलंगावर पडून भिंतीपलीकडे कान लावणारी पोरगी लेकीला दिसली. आज मधे भिंत नव्हती. हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं, आणि ती खोलीतच होती.

बोट बटणावर होतं. इथे? की इथे? थांबवायलाच तर ती आली होती, पण आता तिला थांबववेना. पुढे काय येतं ते ऐकू दे, एवढं एकच, असं करत ती बसून राहिली. दारात ताईसुद्धा पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. बाबांचं कपाळ घामाने भिजलं होतं. मग वाटेने परत यावं तसे सूर परतले. जुनं वळण आलं, एकदा फिरलं. उजवा हात वरून उतरायला लागला, अगदी हळू, आणि उतरत उतरत तो या वेळी वर परत जाणार नाही हे तिला आतूनच कळलं.

टक.

बाबांचे दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले गेले. खोलीत इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू आला.

"कसं झालं?" बाबांनी विचारलं.

"आता बरं झालं," ती म्हणाली. "चला, भूक लागलीय."

बाबांनी झाकण खाली घेतलं. सुजलेली बोटं मांडीवर चोळली. ताई सूप गरम करायला आत पळाली, तिच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सांभाळघराला उद्या नाही म्हणून कळवायचं, हे लेकीने मनाशी ठरवून टाकलं. डोळ्यांपुढे सगळं पाणीच पाणी झालं होतं.

बाबा उठले. ऑर्गनला हात टेकत, जपून पावलं टाकत ते खुर्चीपाशी आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून थोडे टेकले.

"किती वेळ लावलास," ते म्हणाले. "तुझी आई एवढं वाजवू द्यायची नाही, चिमणे."

ती रडत होती आणि हसतही होती. बाबा दिव्याची वाकडी मान सरळ करत होते. ती काही सरळ होईना, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

"आणि हा परत नेऊ नकोस," ते म्हणाले.

"नाही नेत, बाबा."